खाडीला तीन हाका

खारफुटीच्या कडेला रोवलेल्या यंत्राला परवाना अधिकारी यशोधरा वैती यांनी नियमाप्रमाणे तीनदा विचारलं, "खाडीबाई, इथे इमारत बांधायची आहे. हरकत आहे का?"

यंत्र गप्पच. पाणी त्याच्या पायाला लागलं, तरच त्याला खाडीचं मन कळे आणि ते मराठीत बोलून दाखवी. आज तिथे पाण्याचा टिपूस नव्हता. तीन हाकांना उत्तर नाही म्हणजे संमती, असा कायदा होता. यशोधराबाईंनी परवान्यावर शिक्का मारला.

बांधावरून म्हातारे पोशा नाखवा बघत होते. "बाय, तू कोल्याची पोर ना? अष्टमीला भांग असतो, पानी वर चढत नाय, ह्ये तुला म्हाईत नवतं?"

"तारीख ऑफिसने दिली, काका."

तारीख यशोधराबाईंनीच काढली होती, पंचांग बघून. वरचे साहेब फक्त "लवकर उरका" एवढंच म्हणाले होते.

आठवड्याने, पौर्णिमेच्या भर उधाणात, त्या यंत्र काढायला आल्या. पाना लावतात न लावतात तोच पाणी चढलं आणि यंत्र बोललं.

"खेकडे सांगत होते, मला बोलावणं आलं होतं. त्या दिवशी इथवर पोचता आलं नाही, माफ करा. काय विचारायचं होतं?"

यशोधराबाईंचा हात थांबला.

"कोणी आहे का?" खाडीने पुन्हा विचारलं.

पाणी त्यांच्या घोट्यांशी घुटमळत होतं.

"आहे का कोणी?"

तीन हाका पुऱ्या झाल्या. यशोधराबाईंनी तोंड उघडलं नाही.