आपण जिंकणार नाही
कॉलेजच्या संघाचा गोलरक्षक त्या दिवशी घरूनच ठरवून आला होता, की एक चेंडू मुद्दाम सोडायचा. फोनवर पैजा लावणाऱ्या मुलांच्या गटात तो गंमत म्हणून शिरला होता. सुरुवातीला जिंकला, मग हरतच गेला, आणि गेलेलं सगळं एका फटक्यात भरून काढायला त्याने आपल्याच संघाविरुद्ध पैज लावली होती. संघ एका गोलने पुढे होता. शेवटच्या मिनिटाला चेंडू जाळ्याच्या कोपऱ्याकडे निघाला. त्याने नुसतं उभं राहायचं होतं. पण त्याने अंग झोकून दिलं आणि चेंडू छातीशी धरला. शिट्टी वाजली. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, तसा तो हुंदके देऊन रडायला लागला. थोरली बहीण कुंपणापाशी धावत आली. "अरे वेड्या, जिंकलो की आपण! रडतोस काय?" "आपण जिंकणार नाही, अशी पैज लावली होती मी, ताई." तिचा चेहरा उतरला. त्याचे हातमोजे तिनेच पहिल्या पगारातून घेऊन दिले होते. "सरांना तू सांगतोस, की मी सांगू?" तो स्वतःच गेला. प्रशिक्षकांनी सगळं ऐकून घेतलं. "मग अडवलास कशाला?" "माहीत नाही, सर. हात आपोआप गेले." प्रशिक्षकांनी हात पुढे केला. "हातमोजे वर्षभर माझ्याकडे राहतील. फोन ताईकडे दे. आणि उद्यापासून सरावाला ये, बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायला." त्याने हातमोजे काढले. तळवे अजून झणझणत होते.