शाईपुरती लोकशाही

रांग सरकत सरकत विशाखा राजाध्यक्ष मतदान केंद्राच्या टेबलापाशी पोचल्या. कर्मचाऱ्याने शाईची काडी उचलली.

"आधी मत कुठे द्यायचं?" त्यांनी मुद्दाम विचारलं.

"ते पहाटेच झालं, मॅडम. वर्षभर तुम्ही मोबाइलवर जे बघता, त्यावरून यंत्रच टाकतं."

"कोणाला टाकलं माझं?"

"मत गुप्त असतं."

मागचे गृहस्थ वैतागले. "बाई, वाद घरी घाला. आम्हाला फोटो काढायचेत."

मत यंत्राच्या हाती गेलं तेव्हा शहरात कुणी हूं की चूं केलं नव्हतं. शाई बंद होणार म्हटल्यावर मात्र हीच मंडळी मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरली होती.

विशाखाताईंनी रांगेकडे तुच्छतेने पाहिलं आणि बोट पुढे केलं.

"जरा ठळक लावा," त्या म्हणाल्या. "फोटोत दिसली पाहिजे."