चमचाभर विरजण

"विरजण? नाही हो ताई, आम्ही दही बंदच केलंय. स्किनला चांगलं नसतं म्हणे," अमृता दारातूनच म्हणाली. तिच्यामागे ओट्यावर दोन कप दिसत होते. दोन्हींत कोरा चहा होता.

राजेश्वरीने रिकामी वाटी पदराआड घेतली. हे तिसरं दार. पहिल्या दारात शकुबाईंचा फ्रिज बिघडला होता. त्याची घरघर मात्र बाहेरपर्यंत ऐकू येत होती. दुसऱ्या दारात लैलाभाभींकडे सगळ्यांना सर्दी झाली होती आणि ती उभी होती तोवर कुणी एकदाही शिंकलं नव्हतं. राजेश्वरीला राग आला नाही. दोन महिन्यांपूर्वी शकुबाई वाटी घेऊन आल्या, तेव्हा तिनेच सांगितलं होतं, "ह्यांना आंबट बाधतंय हो हल्ली."

दूध महागलं तसं तिने लिटरचं अर्धा लिटर केलं, मग पाव. पाव लिटरात दोन वेळचा चहा होतो, दही होत नाही. त्याआधी भाजीतलं दाण्याचं कूट गेलं होतं, रविवारची अंडी गेली होती, टीव्हीचं रिचार्ज गेलं होतं. ते सगळं पैसे आले की परत आणता येण्यासारखं होतं. विरजणाचं तसं नव्हतं, हे तिला आज वाटी हातात घेतल्यावर कळत होतं.

ते विरजण तिच्या माहेरचं, बेडशाचं, आईच्या हातचं. सोळा वर्षांपूर्वी लग्न होऊन ती लोणावळ्याच्या ह्या चाळीत आली, तेव्हा छोट्या बरणीतून घेऊन आलेली. कालच्या दह्यातला चमचा आजच्या दुधात, आजच्यातला उद्याच्या. कधी नासलं तर शेजारून मागून आणायचं. शेजारी गेलेलं तेही तिचंच असायचं. चाळीतल्या सहाही घरांत तेच दही लागायचं. मग सहाही घरांनी पाव-पाव लिटर दूध वाचवलं आणि प्रत्येक घराला वाटलं, लागलंच तर शेजारी असेल.

आई जाऊन वर्ष झालं होतं. काल धाकट्या भावाचा, बजरंगचा फोन आला होता. "आक्का, रविवारी जेवाया येतो. आईच्या विरजणाचं दही हाय न्हवं?"

"आहे की!" ती म्हणाली होती. विचार न करता.

उरलेल्या दोन दारांना कुलूप होतं. राजेश्वरी कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. अर्धा लिटर दूध आणि दह्याचं सगळ्यात छोटं पाकीट घेतलं. दूध कोमट केलं, त्यात पाकिटातलं दही कालवलं, भांडं नवऱ्याच्या मफलरमध्ये गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवलं. लोणावळ्याच्या थंडीत दही लागायला रात्र जाते. पाकीट तिने कचऱ्याच्या तळाशी दडपलं, वर कांद्याची सालं टाकली.

दही लागलं. सुरी फिरवली तर वडी पडेल असं.

रविवारी बजरंगने भातावर दही घेतलं, कालवलं, पहिला घास तोंडात टाकला आणि थांबला. राजेश्वरी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हेच," तो म्हणाला. "आईच्या हातचं." त्याने वाटी बोटाने पुसून घेतली.

राजेश्वरीने श्वास सोडला. इतकं सोपं होतं तर.

हात धुऊन बजरंगने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकणावर नाव कोरलेलं होतं : रतनबाई. आईचा डबा.

"हेच्यात विरजण दे. म्हस घेतली परत. पयलं दही आईच्याच विरजणाचं लावायचं, म्हून तर आलो."

"अरे, पण आपल्या घरी असेल ना?"

"कुटलं? चारा परवडंना म्हून म्हस इकली, तवाच गेलं. मी म्हनलं आईला, पाव लिटर इकत घेत जाऊ, इरजन तेवढं चालू ठिवू. ती म्हनली, कशाला उगी खर्च? राजीकडं हाय की."

राजेश्वरी डावाने डब्यात दही भरत राहिली. डबा भरला तरी तिचा हात थांबेना.

दारात सावली पडली. लैलाभाभी होत्या, हातात वाटी. मागे व्हरांड्यात शकुबाई आणि अमृता. त्यांच्याही हातात वाट्या.

"बेडशाहून भाऊ आलेत म्हटलं," लैलाभाभी म्हणाल्या, "तर विरजण आणलं असेल. चमचाभर..."

"मी कुटनं आननार, भाभी?" बजरंग हसला. त्याने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "मीच आक्काकडनं नेतोय. आईचं आता हितंच काय ते उरलंय."

काल संध्याकाळी रिकामी वाटी घेऊन दारोदार फिरणारी राजेश्वरी तिघींनीही पाहिली होती. तिघींनी तिच्याकडे पाहिलं. ती डब्यावरच्या नावाकडे बघत होती. शकुबाईंनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तशी अमृताने त्यांचं कोपर दाबलं.

बजरंगने डबा दोन्ही हातांत धरून उंबरा ओलांडला. लैलाभाभींनी आपली वाटी ओढणीखाली घेतली आणि त्याला वाट दिली.

"सांडू नका हं भाऊ," त्या म्हणाल्या. "आमच्या सहाही घरांत रोज ह्याचंच दही लागतं."