पहिली चार प्रकरणं

"मला विचाराल तर हे पुस्तक एका माणसाने लिहिलेलंच नाही," दातांची डॉक्टर म्हणाली, आणि शेवटच्या रांगेत लेखकाच्या बायकोच्या हातातला चहा हिंदकळला.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत कुलूपवाल्याच्या नवव्या कादंबरीवर चर्चा चालली होती. कुलूपवाला हा त्या मालिकेचा नायक. आतून बंद झालेल्या आणि आत कुणीच नसलेल्या खोल्या उघडून देणं हा त्याचा धंदा. त्याची भुतं वाचता वाचता इथल्या निम्म्या मंडळींचे केस पांढरे झाले होते, त्यामुळे घरच्या माणसावर रागवावं तशी ती पुस्तकावर रागावत होती. एक निवृत्त मास्तर म्हणत होते, या वेळचं भूत फार बोलतं, भुताने कसं मोजकं बोलावं. शेजारचा शिंपी म्हणाला, उलट तेच बरं झालं, आजवरची भुतं नुसती दारं आपटायची, या बाईचं दुःख तरी कळलं. एका कॉलेजातल्या मुलीला शेवट अजिबात पटला नव्हता, तिच्या आईला फक्त शेवटच आवडला होता, आणि दोघी घरूनच भांडत आलेल्या दिसत होत्या. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे पाच मुखांतून सहा मतं निघत होती.

लेखकाच्या बायकोला इथे कोणी ओळखत नव्हतं. सकाळपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. नवरा खोलीभर येरझाऱ्या घालत सांगायचा आणि ती टाइप करायची, अशी आठ पुस्तकं झाली होती. नवव्याचं चौथं प्रकरण सांगून झालं आणि त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. पाचव्यापासून पुढचं सगळं तिने स्वतःच्या मनाने लिहिलं, त्याने नुसती मान हलवली, आणि प्रकाशकाला दोघांनीही काही सांगितलं नाही. आता हे कुणाच्या लक्षात आलं तर त्याचं जन्मभराचं नाव मातीत जाणार होतं. आणि ही बाई तर दात तपासावेत तशी पुस्तकाचं पान न् पान तपासून आली होती.

"पहिली चार प्रकरणं त्यांनी कुणा नवशिक्याकडून लिहून घेतलीत," डॉक्टर पुढे म्हणाली. "वाक्यं संपता संपत नाहीत, कुलूपवाला भाषणं काय देतो. पण पाचव्यात तो दाराबाहेर त्या बाईच्या चपला बघतो आणि काही न बोलता त्या सरळ करून ठेवतो ना, तिथे मी म्हटलं, आले. आपले लेखक आले."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांचं कुणाशी एकमत होण्याची ती त्या दिवसातली पहिलीच वेळ असावी. शिंपीही म्हणाला की पाचव्यापासून हात ओळखीचा वाटतो.

लेखकाच्या बायकोचा जीव भांड्यात पडला. तिने गार झालेला चहा एका घोटात संपवला, समोरची दोन बिस्किटंही खाल्ली, आणि जिना उतरताना तिला इतकं हसू फुटलं की वर येणाऱ्या माणसाने बाजूला होऊन वाट दिली.

रस्त्यावर आल्यावर मात्र ते हसू हळूहळू ओसरलं. ओळखीचा हात कुणाचा, ते तिला आत्ता कळत होतं. आठही पुस्तकं टाइप करताना ती त्याची लांब वाक्यं मोडायची, भाषणं गाळायची, एखादी चपलांसारखी गोष्ट आपल्या पदरची घालायची. न विचारता, न सांगता. आमटीत कमी पडलेलं मीठ सवयीने घालावं तसं. त्यालाही कधी कळलं नसणार, कारण छापून आलेलं पुस्तक तो उघडत नसे. सांगून झालं की आपलं काम संपलं, म्हणायचा. या वेळची ती चार प्रकरणं तेवढी तिने होती तशी ठेवली होती. पुन्हा तो काही सांगू शकेल की नाही कोण जाणे, म्हणून त्यातला स्वल्पविरामसुद्धा हलवायला तिचं मन धजावलं नव्हतं.

नवरा खिडकीशी खुर्चीत बसून होता. दुपारपासून तो वाट बघत असणार. तिने पिशवी ठेवली, पाणी प्यायलं, भूत बोलकं झाल्याची मास्तरांची तक्रार सांगितली, मायलेकींचं भांडण रंगवून सांगितलं. त्याने डावा हात अधीरपणे हलवला. पुढे?

तिला खोटं बोलायचं होतं. रस्ताभर तिने ते जुळवूनही ठेवलं होतं. पण ज्याच्या तोंडचा शब्द न् शब्द आयुष्यभर ऐकला, त्याच्यापुढे ऐन वेळी जीभ वळेना.

"अहो, पहिली चार प्रकरणं लोकांना परकी वाटली," ती म्हणाली. "पुढची तुमची वाटली."

ती खाली फरशीकडे बघत राहिली. थोड्या वेळाने त्याचे खांदे हलायला लागले, आणि हा रडतोय असं वाटून ती घाईने जवळ गेली. पण तो अर्ध्या तोंडाने हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग डाव्या हाताने तिचा हात धरून त्याने शब्द एकेक करून गोळा केले.

"ह्या वेळी," तो म्हणाला, "सुधारायला... विसरलीस होय गं?"