विसरलेली आंबील

"येळवशीच्या सणाला आंबील इसरलीस?" उभ्या ज्वारीत वेळ अमावास्येची पूजा उरकून जेवायला बसलेल्या शेषेरावानं कपाळावर हात मारला. ताकातल्या आंबट आंबिलीवाचून भाकरी आणि शेंगा-भाज्यांची भज्जी घशाखाली उतरेना. त्याच्या बायकोनं, पद्मीननं, मान खाली घातली.

बांधापलीकडून थोरला दीर आपल्या बायकोवर गरजला, "नुसती आंबील? भज्जी कुठंय?" भावाभावांचा दोन वर्षं अबोला होता. थोरल्या जावेनं हळूच पद्मीनला डोळा मारला.

शेवटी शेषेरावच ओरडला, "दादा, भज्जी इकडं हाय. या की!"

"आलोच! आंबील आणतो."

पोटभर जेवून दोघं भाऊ कडब्याच्या खोपीत आडवे झाले. शेषेरावाच्या उशाला काहीतरी टणक लागलं. पद्मीन लगबगीनं पुढं झाली. त्यानं कडबा सारला, तर आत आंबिलीची घागर!

त्यानं घोरणाऱ्या दादाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि मुकाट्यानं घागरीवर आणखी एक पेंढी टाकली.