सेकंदकाटा

कारखान्यातल्या ज्या मशीनमध्ये अडकून दादा गेला, तिथल्या कॅमेऱ्याची फाइल कुठेच उघडेना. शेवटी ती मी माझ्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली. फाइलमध्ये व्हिडिओचा वेग नोंदलेलाच नव्हता, म्हणून सॉफ्टवेअरने तो आपल्याच मनाने धरला.

पडद्यावर मशीनने दादाची बाही ओढली आणि मॅनेजरसाहेब मशीन बंद करायच्या बटणाकडे धावत सुटले.

"धावले हो बिचारे, भाऊजी," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "उगाच शिव्याशाप दिले मी त्यांना. उद्याच तक्रार मागे घेते."

मला मात्र भिंतीवरचं घड्याळ खटकलं. त्याचा सेकंदकाटाही धावत होता. काटा नीट चालेपर्यंत मी वेग कमी करत आणला.



आता साहेब बटणाकडे रमतगमत चालले होते.