कापसाची बोटं

खंडेनवमीला शिरोलीतल्या फौंड्रीत मशिनींची पूजा झाली आणि सगळ्यांना पगारवाढ मिळाली. गेटवरच्या बसलिंगाप्पाला क्लार्कनं आत बोलावून पेढा दिला. त्यानं तो डाव्या हातानं घेतला. उजव्या हातात हातमोजा होता. मशिननं नेलेल्या तीन बोटांच्या जागी बायकोनं त्यात कापूस भरला होता, मालकांना सलाम करताना पंजा पुरा दिसावा म्हणून. “वाढ धरून तुमचा गेटवरचा पगार अपघाताआधीच्या मशिनवरच्या पगाराएवढा झाला,” क्लार्क म्हणाला. “म्हणजे नुकसान संपलं. महिन्याची भरपाई बंद.” “अवो, त्याला सा वर्सं झाली. मशिनवरचं माझं जोडीदार आज त्याच्या दुप्पट घेत्यात की!” “कायदा जुनाच पगार बघतो.” त्यानं दातांनी हातमोजा ओढला, बोटाबोटातला कापूस काढून टेबलावर ठेवला. “नुकसान न्हाय, तर ह्यो ठेवा तुमच्याकडं.” बाहेर मालकांची गाडी आली. त्यानं सलाम ठोकला, दोन बोटांचा.